तिरीप, कवडसा आणि समई: थ्रीडी दृश्यात खरा वाटणारा उजेड

किरणोत्सवाच्या तारखा कोल्हापुरात कुणाला विचाराव्या लागत नाहीत. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मग थेट ९, १० आणि ११ नोव्हेंबर. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडपातून, पितळी उंबऱ्यावरून सरकत गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी अंबाबाईच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. आभाळ आलं किंवा हवेत दमट धुरकटपणा असला तर किरणं वाटेतच विरतात आणि गर्दी हळहळत घरी जाते.

मी पोटापाण्यासाठी थ्रीडी दृश्यं करतो. न बांधलेली घरं, न उघडलेली दुकानं. शिकायला येणाऱ्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘सर, लाइटिंगची सेटिंग सांगा की.’ सेटिंग सांगायला दोन मिनिटं लागतात आणि तिचा उपयोगही तेवढाच टिकतो. म्हणून मी त्यांना आधी या तारखांचं कोडं घालतो. वर्षातून दोनदाच का? आणि नेमक्या याच तारखा का?

उत्तर सोपं आहे. २१ डिसेंबरच्या आसपास सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो. १० नोव्हेंबर त्याच्या साधारण ४१ दिवस आधी, ३१ जानेवारी तेवढेच दिवस नंतर. म्हणजे दोन्ही वेळा सूर्य क्षितिजावर जवळजवळ एकाच जागी बुडतो. कोल्हापूरचा अक्षांश १६.७ धरून हिशेब केला, तर ही जागा ठीक पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेकडे येते. उजेड कुठून येतो, किती मोठ्या उगमातून येतो, वाटेत कशाकशाला लागून येतो, हे तीन प्रश्न सुटले की सेटिंग आपोआप सुचते. या लेखात आपण तसाच एक कवडसा संगणकात पाडू. देवीचं देऊळ बांधायला जायचं नाही. तो पसारा नवख्याला झेपत नाही आणि गाभाऱ्याशी खेळ नको. एक साधी दगडी ओवरी पुरे.

काय लागेल

ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर. फुकट आहे आणि या कामाला कुठे कमी पडत नाही. रेंडर इंजिन, म्हणजे सीनवरून शेवटचं चित्र बनवणारा भाग, सायकल्स निवडा. ते २०११ साली ब्लेंडरमध्ये आलं आणि किरणांचा माग काढत चित्र बनवतं. किरण कॅमेऱ्यातून सुटतो, उलट्या वाटेनं वस्तूंवर आपटत आपटत दिवा शोधतो. ईव्ही हे दुसरं इंजिन झटपट आहे, पण उजेड शिकताना मी पोरांना त्याला हात लावू देत नाही. त्यात बऱ्याच गोष्टी अंदाजपंचे होतात, आणि चूक आपली की इंजिनाची हे कळत नाही. ग्राफिक्स कार्ड असेल तर उत्तम, नसेल तर छोट्या आकाराचं चित्र करा.

पहिली पायरी: ओवरी बांधा, रंग देऊ नका

लांबी १२ मीटर, रुंदी ३, उंची ३. पश्चिमेच्या टोकाला १.२ मीटर रुंद आणि २ मीटर उंच दार. पूर्वेच्या टोकाला भिंतीत एक देवळी. बस्स.

मापं खऱ्या मीटरमध्येच ठेवा. अंतर दुप्पट झालं की दिव्याचा उजेड चौथाई होतो, हा नियम ब्लेंडर काटेकोर पाळतो. तुमची ओवरी चुकून १२० मीटरची झाली असेल तर कुठलाच दिवा तिला पुरणार नाही, आणि तुम्ही दिव्याला शिव्या घालत बसाल. भिंतींना जाडी द्या, निदान ४० सेंमी. कागदासारख्या पातळ भिंतीचं दार खोटं दिसतं. खऱ्या दगडी दारात उजेड आधी चौकटीच्या आतल्या बाजूला घासतो, मगच आत येतो. दगडांच्या कडा बेव्हल करून किंचित मारा. अगदी धारदार कड जगात कुठेच नसते, आणि त्या मारलेल्या कडेवरच उजेडाची बारीक रेघ चमकते.

सगळ्याला एकच मातकट राखाडी मटेरियल द्या. रंग आला की डोळा रंगाकडे पळतो. चित्रशाळेत कोळशानं छायाप्रकाश काढून घेतात, तोच हा प्रकार.

दुसरी पायरी: सूर्य

सन प्रकारचा दिवा घ्या. तो सीनमध्ये कुठेही ठेवा, फरक पडत नाही. त्याला फक्त दिशा असते. दिशा हातानं अंदाजे फिरवू नका. सन पोझिशन नावाचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्लेंडरला जोडायची पुरवणी, आहे. त्यात अक्षांश १६.७, रेखांश ७४.२, वेळेचा फरक साडेपाच तास, तारीख १० नोव्हेंबर भरा आणि वेळ संध्याकाळची ठेवा. ओवरीचा अक्ष पश्चिमेपासून १८ अंश दक्षिणेकडे वळवून ठेवा. उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं मोजलं तर २५२ अंश.

आता वेळेचा आकडा पुढेमागे करून गंमत बघा. सूर्य ३० अंशांवर असताना दोन मीटर उंच दारातून ऊन जेमतेम साडेतीन मीटर आत येतं. १० अंशांवर सव्वाअकरा मीटर. साडेनऊ अंशांच्या खाली उतरला की ते पहिल्यांदा टोकाच्या भिंतीच्या बुडाशी टेकतं. तिथून सूर्य जसा खाली, तसा कवडसा वर चढतो. ५ अंशांवर तो भिंतीवर साधारण ९५ सेंमी उंचीला पोचलेला असतो. किरणोत्सवात ऊन खालून वर चढताना दिसतं ते याच भूमितीनं. या दिवसांत आपल्याकडे मावळता सूर्य साधारण साडेचार मिनिटांत एक अंश उतरतो. म्हणून देवळात डोळ्याचं पातं लवू न देता उभं राहावं लागतं. शिवाय तो उतरताना थोडा उत्तरेकडेही सरकतो. ९ अंशांपासून क्षितिजापर्यंत येताना कवडसा भिंतीवर अर्ध्या मीटरहून जास्त बाजूला सरकलेला दिसेल. ज्यांनी ते देऊळ बांधलं त्यांच्याकडे एक्स्टेन्शन नव्हतं, एवढंच म्हणतो.

दुसरी गोष्ट सूर्याच्या आकाराची. सेटिंगमध्ये अँगल असा रकाना आहे, त्यात ०.५२६ अंश असतं. आभाळात सूर्याची थाळी एवढीच दिसते. ते शून्य करू नका. या थाळीमुळेच सावलीची कड अंतरागणिक मऊ होते. दाराच्या चौकटीपासून एक मीटरवर कडेचा मऊपणा जेमतेम एक सेंमी, दहा मीटरवर नऊ सेंमीच्या पुढे. दाराशी धारदार आणि देवळीशी विरलेला असा कवडसा दिसला की चित्र निम्मं खरं झालं. नवखे लोक सगळीकडे सारखीच मऊ सावली करतात. फोटोवर धूसरपणाचा फिल्टर मारल्यासारखी ती दिसते.

तिसरी पायरी: आभाळ

फक्त सूर्य ठेवून रेंडर केलंत तर उन्हाचा पट्टा आणि भोवती निखळ काळोख मिळेल. चंद्रावर तसं असतं. आपल्याकडे आभाळही उजेड देतं, आणि मावळतीला तर सूर्य लाल-केशरी असताना वरचं आभाळ निळंच असतं. सावल्यांत येणारा तो निळसरपणा हाच संध्याकाळचा खरा जीव.

वर्ल्डमध्ये, म्हणजे सीनभोवतालच्या जगाच्या सेटिंगमध्ये, स्काय टेक्स्चर हे तयार आभाळ जोडा, त्यातली सूर्याची थाळी बंद करा (आपला सूर्य वेगळा आहे) आणि सूर्याची उंची दिव्याएवढीच ठेवा. मग सूर्याचा दिवा क्षणभर बंद करून बघा. केवळ आभाळावर दाराजवळचे चार-पाच मीटर नीट दिसावेत, पुढे अंधारत जावं आणि देवळी जवळजवळ बुडून जावी. ती भगभगीत दिसत असेल तर बॅकग्राउंडची स्ट्रेंग्थ खाली आणा. दारात एक एरिया लाइट लावून त्याचा पोर्टल हा पर्याय चालू करा. तो स्वतः उजेड देत नाही. आभाळ या भोकातून आत येतं एवढं इंजिनाला सांगतो, आणि चित्रातली खरखर कमी होते.

एचडीआरआय म्हणजे चहूबाजूंचं आभाळ खऱ्या तेजासकट टिपलेला फोटो. पॉली हेवनवर ते मोफत मिळतात. उत्तम चीज आहे. पण सुरुवातीला वापरू नका असंच मी सांगतो. दुसऱ्या कुठल्या देशातलं टिपलेलं आभाळ, त्याचा सूर्य भलत्याच उंचीवर, आणि आपण ‘मस्त दिसतंय’ म्हणत खूश. शिकणं तिथंच थांबतं. त्यापेक्षा आषाढात रंकाळ्याच्या काठावर जाऊन उभे राहा. पूर्ण झाकोळलेलं आभाळ हा जगातला सर्वांत मोठा दिवा असतो. सावली कुठे संपते ते बोट ठेवून सांगता येत नाही. नोव्हेंबरात तिथंच या, संध्यामठाची सावली पाण्यावर बघा. याच रंकाळ्यावर चित्रकार आबालाल रहिमान रंग घेऊन बसत. त्यांना जे पाहून कळलं ते आपल्याला एचडीआरआय बदलून कळणार नाही.

चौथी पायरी: एक्स्पोजर

इथं निम्मे लोक घसरतात. अंधार वाटला की दिव्याची ताकद वाढवतात, मग उन्हाचा पट्टा पांढराफट होतो, मग तो झाकायला दिव्याचा रंग बदलतात. असं करू नका. सूर्य आणि आभाळ यांचं आपसातलं प्रमाण एकदा बसलं की त्याला हात लावायचा नाही. कमी-जास्त करायचं ते कलर मॅनेजमेंटमधल्या एक्स्पोजरनं. तिथं एक आकडा वर गेलं की चित्र दुप्पट उजळतं, एक खाली आलं की निम्मं होतं. कॅमेऱ्याचाच हिशेब.

व्ह्यू ट्रान्सफॉर्म, म्हणजे हिशेबातला उजेड पडद्यावरच्या रंगांत बसवायची पद्धत, एजीएक्स ठेवा. ब्लेंडर ४.० पासून ते आपसूक असतंच. स्टँडर्डमध्ये झगझगीत केशरी ऊन एकदम पिवळं होऊन फाटतं. एजीएक्समध्ये ते हळूहळू फिकं होत पांढऱ्याकडे जातं, डोळ्याला दिसतं तसं. शंका आली तर त्याच यादीतलं फॉल्स कलर लावून बघा, कुठे जळलंय आणि कुठे बुडालंय ते रंगांत दिसतं. आणि ओवरीचा कोपरा काळा राहिला तर राहू द्या. काळोखाला घाबरणारा माणूस उजेड दाखवू शकत नाही.

पाचवी पायरी: भिंती हाही एक दिवाच

माझं पहिलं पैशाचं काम एका दिवाणखान्याचं होतं. भिंती पांढऱ्या हव्यात म्हणून मी बेस कलरला, म्हणजे मटेरियलच्या मूळ रंगाला, सरळ १ दिला (० काळा, १ पूर्ण पांढरा). चित्र बघून ग्राहक म्हणाला, ‘घरात धुकं शिरलंय काय?’ मी दिवे कमी केले, धुकं फक्त करडं झालं. दोन रात्री त्यात गेल्या.

चूक अशी होती. कुठलीही भिंत आलेला सगळा उजेड परत करत नाही. चांगला चुना मारलेली भिंत साधारण ८० टक्के परत फेकते, आपला काळा दगड १० टक्क्यांच्या आसपास, ताजा बर्फसुद्धा ९० च्या पुढे क्वचित जातो. बंद खोलीत उजेड भिंतीवरून भिंतीवर उड्या मारतो. प्रत्येक उडीला ८० टक्के उरत असेल तर सगळ्या उड्यांची बेरीज मूळ उजेडाच्या पाचपट होते. ९५ टक्के उरत असेल तर वीसपट. १ दिलंत तर ती बेरीज संपतच नाही. माझं धुकं म्हणजे हा न संपणारा उजेड. तेव्हापासून पांढऱ्याला ०.८ च्या वर मी जात नाही.

याच हिशेबातून दुसरी सेटिंगही सुटते. सायकल्समध्ये लाइट पाथ्सखाली डिफ्यूज (खरखरीत पृष्ठावरून विखुरणाऱ्या) उड्यांची, म्हणजे बाउन्सची, मर्यादा मुळात ४ असते. काळ्या दगडाच्या ओवरीत चार उड्यांनंतर दहा हजारांत एक भाग उरतो, म्हणजे ४ भरपूर झाल्या. चुन्याच्या खोलीत मात्र चार उड्यांनंतरही ४१ टक्के शिल्लक असतो, आणि इंजिन तो टाकून देतं. कोपरे विनाकारण काळवंडतात. तिथं मर्यादा ८ किंवा १२ करा. ‘बाउन्स किती ठेवू?’ असं मला विचारू नका, भिंतीला विचारा.

आता ओवरीला रंग द्या. दगडाला ०.१ च्या आसपासचा गडद रंग, त्यात किंचित ऊब. फरशीचा रफनेस भिंतीपेक्षा कमी, कारण पावलांनी ती घासून गुळगुळीत झालेली असते. तिरप्या कोनातून अशी फरशी दाराचा उजेड लांबवर ओढून नेते. कुठल्याही जुन्या देवळात मान खाली घालून बघा. मग एका भिंतीशी शेंदरी कापड टांगून पाहा. त्यावर ऊन पडलं की शेजारच्या दगडावर शेंदरी झाक येईल. येत नसेल तर ऊन कापडावर पडतच नाहीये, किंवा कापडाचा रंग फार गडद आहे.

सहावी पायरी: हवा

उन्हाची तिरीप दिसते ती धुळीमुळे. ओवरीएवढा एक घन घ्या, दाराबाहेर थोडा काढा, त्याला प्रिन्सिपल्ड व्हॉल्यूम हे हवा-धुराचं मटेरियल द्या. डेन्सिटी मुळात १ असते, आणि १ म्हणजे गुऱ्हाळात काहिलीवर वाकून बघितल्यासारखं. काही दिसणार नाही. ०.०२ पासून सुरू करा. त्यात दहा मीटरच्या वाटेत सुमारे १८ टक्के उजेड विखुरतो, आणि तिरीप दिसायला तेवढं पुष्कळ. अ‍ॅनिसोट्रॉपी ०.५ च्या जवळ ठेवा, म्हणजे दाराकडे तोंड करून पाहताना तिरीप झगझगते आणि पाठमोरं पाहताना फिकी पडते. धूळ खरोखरच तशी वागते.

वर्ल्डलाच व्हॉल्यूम जोडायचा मोह टाळा. सूर्य अनंत अंतरावर धरलेला असतो, तेवढ्या हवेतून त्याचा उजेड आत पोचतच नाही. आणि हात आखडता घ्या. तिरीप हे मीठ आहे. मला दाखवायला येणाऱ्या दहा चित्रांतल्या आठांत ते खारट झालेलं असतं.

सातवी पायरी: समई

देवळीत समई ठेवा. ज्योतीच्या जागी छोटा पॉइंट लाइट, त्रिज्या एक सेंमी, रंग ब्लॅकबॉडी नोडमधून (तो तापमानावरून उजेडाचा रंग देतो) १९०० केल्विन. पिवळा बल्ब असता तर २७००, पांढरी ट्यूब ६५००. ताकद मात्र जपून द्या. ब्लेंडरचा वॅट म्हणजे विजेच्या बिलातला वॅट नव्हे. ब्लेंडर बाहेर पडणारा उजेड मोजतं. बाजारात ९ वॅटचा म्हणून मिळणारा एलईडी बल्ब, साधारण ८०० ल्युमेनचा, तिथं २ वॅटच्या आसपास बसतो. मेणबत्ती ०.०५ वॅट. नवीन फाइलमध्ये आयता येणारा दिवा १००० वॅटचा असतो, आणि लोक तोच देवळीत ढकलतात.

ऊन आत असताना समई जवळजवळ दिसू नये. ती दिसायला हवी तर ऊन जाऊ द्या, सूर्य क्षितिजाखाली घाला, एक्स्पोजर वाढवा. तेव्हा देवळीत तांबूस उजेड आणि दारात निळी सांज अशी जोडी जमते.

आठवी पायरी: चांदी

समईशेजारी चांदीचं ताट ठेवा. मेटॅलिक १, रफनेस ०.२, बेस कलर लाल-हिरवा-निळा या क्रमानं ०.९७, ०.९६, ०.९१. सोनं करायचं असेल तर १, ०.७७, ०.३४. आकडे बरोबर आहेत, तरी पहिल्या रेंडरमध्ये ताट काळं येईल.

हे मी हुपरीच्या एका चांदी कारागिराकडून शिकलो. त्यांच्या पैंजणांचं चित्र करून नेलं होतं. त्यांनी मोबाइल लांब धरून बघितला आणि म्हणाले, ‘आवो, ही चांदी न्हाई, पत्रा हाय. चांदीला सोताचा रंग असतोय व्हय? समोर जे असंल ते ती दावती.’ मी पैंजण रिकाम्या करड्या जगात ठेवले होते. दाखवायला त्यांच्यासमोर काही नव्हतंच. धातूसाठी दिवे वाढवायचे नसतात, आरशात दिसायला काहीतरी द्यायचं असतं: एक उजळ पट्टा, त्याला लागून एक काळा पट्टा. आपल्या ताटासमोर दाराचा उजळ चौकोन आधीच आहे. ताट थोडं तिरपं करा, तो चौकोन त्यात सापडेल. सापडला की थांबा.

नववी पायरी: रेंडर

चित्रातली खरखर निम्मी करायची तर सॅम्पल, म्हणजे दर ठिपक्यामागे सोडलेले किरण, चौपट लागतात, म्हणून नुसते सॅम्पल वाढवत बसण्यात अर्थ नाही. नॉइज थ्रेशोल्ड, म्हणजे किती खरखर चालवून घ्यायची ती मर्यादा, ०.०१ वर सुरू करा, घाई असेल तर ०.०५. ओपन इमेज डीनॉइज हे खरखर पुसणारं साधन चालू ठेवा, पण आधी एकदा ते बंद करून चित्र बघा. ते खरखर पुसतं तसा दगडाचा पोतही पुसतं. कुठेतरी एकटेच पांढरे ठिपके आले तर इनडायरेक्ट क्लॅम्प, म्हणजे उड्या मारून आलेल्या उजेडाच्या तेजाची कमाल मर्यादा, १० वरून ३-४ वर आणा.

जमलं असेल तर सूर्याला ९ अंशांवरून १ अंशावर उतरवत २५० फ्रेम्स करा. कवडसा भिंतीवर चढताना दिसेल, चढता चढता तांबूस करायचं काम तुमचं: सूर्याचा रंगही त्याच फ्रेम्समध्ये बदलत न्या. फ्रेम्स एकेक चित्र म्हणून साठवा, थेट व्हिडिओ नको. रात्रभर रेंडर लावून झोपायचं, आणि पहाटे तीनला लाइट जाते. खरी लाइट, घरातली. चित्रं असतील तर जिथं थांबलं तिथून पुढे. व्हिडिओ असेल तर पुन्हा पहिल्या फ्रेमपासून.